बावखोलचं पहिलं पाणी

बावखोलात सगळ्यांत आधी कोण आलं, याबद्दल बावखोलकरांच्या मनात कधीच शंका नव्हती. धुमकांना पक्कं ठाऊक होतं की धुमक आधी आले. मायंगड्यांनाही तितकंच पक्कं ठाऊक होतं की मायंगडे आधी आले. इतकी खात्री बाळगणारे हे लोक एकाच वहाळाच्या दोन काठांवर पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार राहत होते, कारण कोणी कोणाला विचारायला गेलं नव्हतं. विचारलं ते मुंबईच्या मंडळाने.

मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. येत्या मे महिन्यात, म्हणजे सन दोन हजारात, परळला हॉल घेऊन सोहळा करायचा आणि स्मरणिका काढायची असं ठरलं. स्मरणिकेत आधी अध्यक्षांचा फोटो, मग देवीचा फोटो, आणि मग 'आमच्या वाडीचा इतिहास'. अध्यक्षांचा फोटो तयार होता. मंडळ स्थापन होण्याच्या आधीपासूनच तो तयार असावा. देवीच्या फोटोसाठी दिवाळीनंतर दोन उत्साही मुंबईकर गावी आले. त्यांनी वाघजाईचा पाषाण घासूनपुसून काढला आणि तेलात कालवलेल्या शेंदराचा असा जाड लेप तिला चढवला, की वाडीतल्या म्हाताऱ्यांना देवी ओळखू येईना. शेंदूर गुडघ्यांपर्यंत पुरला. तिथून खालची देवी काळीच राहिली. फोटोत ती हाराने झाकली.

उरला इतिहास. तो लिहायचं काम चारुदत्त जोगळेकरांकडे आलं. डोंगरावरच्या सड्याच्या कडेला त्यांची कलमांची बाग होती, बँकेतून ते निवृत्त झाले होते, आणि मुळात त्यांना नाही म्हणता येत नसे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते टेपरेकॉर्डर पिशवीत घालून वाघजाईच्या देवळात येऊन बसले. त्या दिवशी सगळी वाडी तिथे सापडणार होती, कारण त्या दिवशी बांध कधी घालायचा ते ठरायचं होतं.

बांध हा बावखोलचा वर्षाचा सण. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की घरटी एक माणूस वहाळावर येतो. दगड, माती, झाडांचे टाळ आणि पेंढा एकावर एक दाबून पाणी अडवायचं, ते पाटात घ्यायचं, आणि पाट डोंगराच्या अंगाने खाली खाली नेत प्रत्येकाच्या कुणग्यापाशी, म्हणजे भातखाचरापाशी, त्याला तोंड पाडायचं. त्या पाण्यावर उन्हाळ्यापर्यंत भाजीपाला होतो, थोडं वायंगणी, म्हणजे उन्हाळी, भात होतं. पहिलं पाणी धुमकांचं. त्यांचे कुणगे भरभरून भिजले, की मग मायंगड्यांचे. हे असंच का, तर हे असंच.

तुळसा ही मायंगड्यांची सून, आणि तिचा कुणगा पाटाच्या अगदी शेपटाला. तिचा नवरा शिवा सकाळच्या एस्टीने मिरजोळ्याच्या कारखान्यात जायचा, त्यामुळे शेपटाशी काय होतं ते बघायचं काम तुळसाचं. दर वर्षी तिची पाळी येईपर्यंत वांग्या-मिरचीची रोपं वाफ्यातच म्हातारी व्हायची. या वर्षी तिने हिंमत करून जास्तीचं बी टाकलं होतं. गणपतीपुळ्याच्या एका खानावळीवाल्याने कबूल केलं होतं, की माघापासून भाजी आणशील तर तुझ्याकडूनच घेईन, नाही आणलीस तर दुसरी बाई बघून ठेवलीय. तेव्हा त्या दिवशी देवळाच्या बायकांच्या बाजूला बसून तुळसा देवीला एवढंच सांगत होती, की बांध लवकर घातला जाऊ दे. इतिहासाबद्दल तिचं काही मागणं नव्हतं.

चारुदत्तांनी टेपरेकॉर्डर सुरू केला आणि रावजी धुमकांनी घसा साफ केला. रावजीबाबा धुमकांतले वडीलधारे. त्यांचा मूळपुरुष घाटावरून घोड्यावर बसून उतरला होता. चारुदत्तांनी फक्त एवढंच विचारलं, की त्या काळी हा घाट घोड्याला उतरता येत होता का. रावजीबाबा म्हणाले, घोडा तसा होता. पांढरा.

मग मायंगड्यांच्या वतीने धाकू मायंगडे बोलले. धाकूतात्या हे शिवाचे चुलते. त्यांचा मूळपुरुष दाभोळहून जंगी जहाजातून खाडीने आला, हातात तलवार होती, आणि अशी तलवार तेव्हा साहेबाकडेसुद्धा नव्हती. ती आता कुठे आहे असं चारुदत्तांनी विचारलं, तेव्हा ती उतरताना पाण्यात पडल्याचं समजलं.

सगळं छान चाललं होतं. दोन्ही बाजूंची माणसं माना डोलावत होती. चारुदत्तांनी टेप बंद केला असता तर पुढचं काही घडतं ना. पण त्यांना लेखात एक वाक्य कमी पडत होतं. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग दोघांत पहिले कोण आले म्हणून लिहू?"

"धुमक," रावजीबाबा म्हणाले.

"मायंगडे," धाकूतात्या म्हणाले.

दोघांनी एकदमच म्हटलं, आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या शेजारात समोरचा असं काही मनात धरून बसला असेल, याची दोघांनाही कल्पना नव्हती.

पुढची बाचाबाची सांगण्यासारखी नाही. तीत घोड्याचा आणि जहाजाचा बराच अपमान झाला. शेवटी रावजीबाबा म्हणाले, मानसं कशाला बोलवताय, देवी बसलीय समोर, लावा कौल. आणि बावखोलने आजवर बैल हरवला म्हणून, पोरीचं लग्न जमेना म्हणून, पाऊस लांबला म्हणून देवीला विचारलं होतं, पण इतिहास पहिल्यांदाच विचारला.

काशीराम गुरवाने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या. उजव्या खांद्यावर धुमकांची कळी, डाव्या खांद्यावर मायंगड्यांची. ज्यांची आधी पडेल ते आधीचे. एरवी पाषाणावर पाण्याने चिकटवलेली कळी पाणी सुकलं की सुटते; बिडी ओढून होईतो निकाल लागतो. त्या दिवशी बिड्या संपल्या, पान संपलं, चारुदत्तांची एस्टी गेली, सावल्या देवळाच्या पायऱ्या उतरून अंगणात गेल्या. कळ्या दोन्ही खांद्यांवर बसून राहिल्या. मुंबईकरांचा शेंदूर अजून ओला होता, आणि त्यात त्या छान रुतल्या होत्या. हे काशीरामला दिसत होतं. त्याच्या शेजारी बसलेल्यांनाही दिसत असावं. पण देवीच्या मौनाला तेल जबाबदार आहे, असं देवीसमोर कोण म्हणणार?

तिथून अडचण सुरू झाली. बावखोलचा एक नियम आहे: देवीवर प्रश्न असेपर्यंत वहाळाला लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, फावडं नाही, कोयती नाही. म्हणजे बांध नाही. ज्यांनी प्रश्न लावला त्या दोघांनी मिळून 'आई, प्रश्न मागं घेतला' म्हटलं तर सुटका. पण मागं घेणं म्हणजे हरणं. तेव्हा कळ्या सुकत होत्या, आणि वहाळाचं पाणी रोज बावखोलकरांच्या डोळ्यांदेखत खाडीला जाऊन मिळत होतं.

तुळसा कळशीने पाणी घालू लागली. वहाळातल्या कोंडीवर, म्हणजे डोहावर, भरलेली एक कळशी डोक्यावर, एक कमरेला, आणि कोरड्या पाटाच्या काठाने थेट शेपटापर्यंत. वाटेत जांभ्याचे कंगोरे उघडे पडलेले, पायाला टोचायचे. मानेत कळ भरायची, ती मग खांद्यात उतरायची, आणि दुपारपर्यंत उजवा हात भाकरी थापायलाही कुरकुरायचा. रोपांना ओंजळीओंजळीने पाणी घालायचं. पलीकडच्या वाफ्यापर्यंत पोचेतो अलीकडचा सुकायचा. संध्याकाळी शिवा परतला की पँट दुमडून तोही दोन खेपा करायचा. त्याला कारखान्यात सगळे विचारायचे, तुझ्या वाडीत पाणी असून भाजी का करपतेय. शिवा काय सांगणार? आमचा मूळपुरुष ठरायचाय, असं त्याने एकदा सांगून बघितलं. तेव्हापासून त्याला तिथे मूळपुरुषच म्हणू लागले.

आठवडा झाला तेव्हा तुळसा धाकूतात्यांकडे गेली. पदर नीट घेऊन दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, तात्या, तुमी थोडं घ्या मागं. रोपं जातील.

धाकूतात्या सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "रोप मेलं तर दुसरं लावशील. मूळपुरुस मेला तर दुसरा कुठनं आनशील?"

मूळपुरुष तर केव्हाच मेला होता, असं तुळसाच्या तोंडावर आलं होतं. पण सुनेने असल्या बातम्या देऊ नयेत. घरातल्या पोरींसमोर तात्यांनी आणखी एक सांगितलं, की बाहेरून आलेलीला कुळाचं काय कळणार. ती तशीच परत फिरली. आपण बाहेरून आलोय हे खरंच होतं. माहेर चाफ्याच्या वाडीला, दोन डोंगर पलीकडे. पण तात्यांचा मूळपुरुषसुद्धा बाहेरूनच आला होता ना? मग तो कुणाच्या दारात असा उभा राहिला असेल? वाटेने चालताना तिच्या डोक्यात हा प्रश्न आला आणि तो जाईना. पायाला दगड लागला तरी जाईना.

दुसऱ्या दिवशी कोंडीवर विमलाकाकू भेटल्या. विमलाकाकू म्हणजे रावजीबाबांची बायको. पुरुषमाणसं एकमेकांना टाळून दोन वाटांनी जात-येत होती, पण कोंड एकच असल्यामुळे बायकांना भांडण परवडत नव्हतं. काकू कळशी विसळत होत्या. तुळसाने सरळ विचारलं, काकू, तो घोडा खरंच होता का वो?

काकूंनी आजूबाजूला बघितलं आणि हसायला लागल्या. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेली गोष्ट वेगळी होती. त्या गोष्टीत घोडा नव्हता. घोंगडी होती, एक कुऱ्हाड होती, आणि पावसाने चिंब झालेली, दिवस गेलेली बायको होती. दोघं भुकेने पार गळाले होते. चकमक झाडून झाडून याचे हात सोलपटले, पण सगळं ओलं. तेव्हा बायकोला खाली खोलात, फणसाखाली, धूर दिसला. ती म्हणाली, जा, इस्तव मागून आन. हा गेला तर तिथे एक बाई चुलीपुढे बसलेली. तिने एवढंच विचारलं, कितीजणं हायसा? आणि करवंटीत निखारे घालून दिले. तो निखारा त्याने घोंगडीच्या आत धरून वर नेला, त्याचा चटका मरेपर्यंत त्याच्या छातीवर होता.

"मंग रावजीबाबांनी टेपवर ह्ये का नाय सांगितलं?" तुळसाने विचारलं.

"चूल कोन सांगतो गो टेपवर," काकू म्हणाल्या, आणि कळशी उचलून वाटेला लागल्या.

तुळसा कोंडीतच उभी राहिली. पाणी घोट्याला लागत होतं, मासोळ्या पायाच्या भेगा टोचत होत्या. धुमक आले तेव्हा खोलात धूर होता. म्हणजे मायंगडे होते तर. म्हणजे धाकूतात्या खरे. तिला आनंद व्हायला हवा होता, तसा तो थोडासा झालाही.

घरी जाऊन तिने सासूला विचारलं. सासूला सगळे जनीआय म्हणत. ती उन्हात बसून कुळीथ पाखडत होती. काकूंचं तुळसाने काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, आय, आपला मूळपुरुस आला तवा काय झालं? जनीआयने सूप थांबवलं. जहाज तिला माहीत नव्हतं. तिच्या गोष्टीत एक फुटका मचवा होता, खोताशी वाकडं आलं म्हणून पळालेले दोन भाऊ होते, आणि खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतत आलेला प्रवास होता. थंडीचे दिवस. धाकटा तापाने फणफणलेला. वर बघतात तर खोलात धूर. मोठा चढून गेला. एक बाई चुलीपुढे.

"काय म्हनाली ती?" तुळसाने विचारलं.

"म्हनंल काय? इचारलंन, कितीजणं हायसा. आन् खापरात इस्तव घालून दिलान."

तुळसाने पुन्हा पुन्हा खोदून विचारलं. ती बाई धुमकांची होती का? जनीआयला राग आला. धुमकांची असती तर दिला असतान होय इस्तव? ती कोण होती ते तिच्या सासूने सांगितलं नव्हतं, आणि सासूला तिच्या सासूने. नवरा नव्हता, पोरंबाळं दिसली नव्हती. पाणी कुठे आहे ते मात्र तिने बोट करून दाखवलं होतं. पुढे तिचं काय झालं? जनीआय म्हणाली, आमी इचारलं नाय. आणि पुन्हा सूप हलवू लागली.

तुळसाच्या त्या दिवशी दोन खेपा कमी झाल्या. वाफ्याशी बसून ती बोटाने मातीत रेघा ओढत होती. धुमक आले तेव्हा कोणीतरी होतं. मायंगडे आले तेव्हा कोणीतरी होतं. आधी कोणीही आलेलं असो, त्यालाही धूर दिसला होता. मग तो धूर कोणाचा? आणि ती एकटी बाई इथे, या झाडीत, वाघाच्या तोंडाशी, काय करत होती? चुलीवर काय शिजत होतं? तिला कोणी विस्तव दिला होता? रोपांनी माना टाकल्या होत्या आणि तुळसाच्या मनात मात्र नुसता धूर धूर झाला होता.

रविवारी शिवाला सुट्टी होती. तुळसाने त्याला सगळं समजावलं आणि देवळात उठून बोलायला सांगितलं. कौलाच्या वेळी बायकांनी बोलायचा रिवाज नव्हता. शिवा तसा समजूतदार माणूस, पण यंत्रापुढे उभं राहून राहून माणसांपुढे उभं राहायची त्याची सवय गेली होती. भाकरी खाताखाता त्याने तीनदा पाठ म्हणून दाखवलं.

काशीरामने निरोप फिरवून सगळ्यांना बोलावलं होतं, कारण त्याच्याही वालाचा मळा पाटावरच होता. चारुदत्तही आले, त्यांच्या लेखात अजून एका वाक्याची जागा मोकळी होती. शिवा उठला. "आमचं म्हननं असं हाय," तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं तिथेच संपलं. त्याने बायकांच्या बाजूला बघितलं. कोणीतरी मागून म्हणालं, बायको सांगतेय काय रे? हशा झाला. शिवाच्या कानांचा रंग देवीसारखा झाला. घाईघाईने तो म्हणाला, धूर होता. दोघांना धूर दिसला. मग खाली बसला.

"कसला धूर?" धाकूतात्यांनी विचारलं.

आता तुळसाला उठावंच लागलं. ती सगळ्यांकडे पाठ करून, देवीकडे तोंड करून बोलली. म्हणजे पुरुषांशी बोलल्यासारखं होत नव्हतं, आणि कोणाला थांबवताही येत नव्हतं. तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या. घोंगडी, मचवा, करवंटी, खापर. कितीजणं हायसा. मग म्हणाली, "आये, दोगांची बी कळी पडली नाय, ती तू दोगांना बी धरून बसलीस म्हनून. पयली आलेली वेगळीच हाय."

रावजीबाबांची मान हळूहळू विमलाकाकूंकडे वळली. "असं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच आयनं मना सांगितलेलं," काकू म्हणाल्या. "तुमी तवा बाजूलाच जेवत होता."

धाकूतात्यांनी जनीआयकडे बघितलं. जनीआयने नुसती मान डोलावली, आणि आपण जन्मभर सांगत आलेली गोष्ट धुमकांकडेही आहे, हे कळल्यामुळे ती विमलाकाकूंकडे जरा संशयाने बघत राहिली.

आता प्रश्न मागं घ्यायची गरज उरली नव्हती. त्यात तिसरी कळी घालायची होती. काशीरामने कळी बुडवली आणि हातात धरून उभा राहिला. खांदे दोनच होते, दोन्ही भरलेले. त्याने देवीला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं आणि कळी गुडघ्याखाली, जिथे शेंदूर पोचला नव्हता त्या काळ्या पाषाणावर लावली. "आये," तो गाऱ्हाणं घालू लागला, "इस्तव द्येनारी आदीची आसंल, तर..."

तो 'तर'च्या पुढे जायच्या आत कळी पडली. जरा घाई केली देवीने, असं चारुदत्तांना वाटलं. पण पहिली ती बाई, असंच त्यांनी लिहून मंडळाकडे पाठवलं. मंडळाने स्मरणिकेत घोडा घेतला, जहाज घेतलं आणि बाई वगळली, कारण तिचं नाव नव्हतं, आणि तिच्या तर्फे जाहिरात देणारंही कोणी नव्हतं.

पण देवळात मात्र नवीन पेच पडला होता. पहिली जर ती बाई, तर पहिलं पाणी तिचं. आणि ते द्यायचं कुठे? तिचा कुणगा कोणता? कोणी म्हणालं, नारळ देऊ आणि मोकळे होऊ. धाकूतात्या म्हणाले, मंडळाला विचारू. तेव्हा रावजीबाबा उठले. घोडा गेला होता, मान गेला होता, आणि आता हातात उरला होता तो नियम. तो त्यांनी घट्ट धरला.

"मान तो मान," ते म्हणाले. "ज्येचा त्येला पोचला पायजे. पाट सोडायचा. कुनी तोंड पाडायचं नाय, आमी बी नाय. पानी जातंय तितं जावदे. तिची जमीन असंल तितं पोचंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं, की कोणीच तोंड पाडलं नाही तर पाटाचं पाणी कुठे जातं. माना एकेक करून तुळसाकडे वळल्या. तुळसा आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. हे तिच्या मनात आधीपासून होतं का? शिवाने घरी जाताना हेच विचारलं. ती म्हणाली, चल, कुदळीला दांडा बसवायचाय.

बांध घातला गेला. यंदा दोन्ही भावक्यांची माणसं जरा अंग चोरून, एकमेकांच्या हातातला दगड न घेता काम करत होती, पण दगड भिजले की जड होतात आणि मग कोणाच्याही हाताचा आधार चालतो. दुपारच्या आत पाण्याने पाटात जीभ घातली.

पहिलं पाणी म्हणजे ऐकायला मोठं. खरं बघता कोरडा पाट ते पाणी पिऊन टाकतो. भेगा, मुळं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं. एका बिळात शिरलं की पाणी खालच्या रानात बाहेर पडतं आणि पाट कोरडाच राहतो. तुळसा शेपटाशी फावडं घेऊन उभी होती. ऊन कलत आलं तरी पाटात नुसता वाळका पाला. पलीकडच्या काठावर धाकूतात्यांचा मुलगा मुद्दाम येऊन बघून गेला. तिला वाटलं, वर कोणीतरी तोंड पाडलं. पाडणारच. इतका मान कोण कोणाला देतो? आणि तोही अशा बाईला, जिचं नावसुद्धा ठेवलं नाही कोणी.

मग पाला सरकला. पाणी आलं ते पाणी वाटत नव्हतं. फेस, काड्या, मेलेले मुंगळे आणि पुढे जोरात पळणारी एक कुर्ली. बोटभर धार, पण थांबत नव्हती. आणि तिच्या मागोमाग, पाटाच्या आतून, वाकून वाकून रावजीबाबा येत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, धोतराचा काचा सुटलेला, दोन्ही हात मातीने माखलेले. बांधापासून इथपर्यंत प्रत्येक बीळ त्यांनी टाचेने ठेचून, मातीने लिंपून बंद केलं होतं. स्वतःच्या कुणग्यांवरची तर जरा जास्तच मन लावून, कारण धुमकांच्या हद्दीत मान मुरला असं कोणी म्हणायला नको होतं.

"पोचलं," ते म्हणाले आणि कुणग्याच्या मेरेवर बसले. छाती वरखाली होत होती. तुळसाने तांब्या पुढे केला, तो त्यांनी तोंडावर ओतून घेतला.

पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं. माती आवाज करून ते पिऊ लागली. मान टाकलेलं एखादं रोप पाण्याच्या धक्क्याने हललं, काही रोपं आडवी झाली ती झालीच. दोन वाफे गेल्यातच जमा होते, ते तिला दिसत होतं. पण बाकीचे धरणार होते.

रावजीबाबांनी सुटलेला काचा खोचून घेतला. मग म्हणाले, "मी इचार केला. ती बाय धुमकांतलीच असनार."

"व्हय?"

"आदी आलेलं कोनतरी आमच्यातलंच. एकटी मागं राह्यली असंल. इस्तव द्यायचा म्हंजे आमचीच रीत. मायंगड्यांत नाय तसं."

तुळसाने फावड्याने पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवलं. "असंल बाबा," ती म्हणाली. "पन मंग तिचं म्हायेर कुठलं?"

रावजीबाबांनी तोंड उघडलं. डोंगराकडे बघितलं, खाडीच्या अंगाला बघितलं, मग पुन्हा पाण्याकडे.

"फावडं दे हिकडं," ते उठत म्हणाले. "तुजा वाफा फुटतोय."